समेला उशीर चालत नाही

मराठी संगीतात यंत्राशी भांडण झालं ते सुरावरून. सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनी 1910 मध्ये बावीस श्रुतींवर इंग्रजीतून पुस्तक लिहिलं. आयसीएस अधिकारी अर्नेस्ट क्लेमेंट्स त्यांच्या जोडीला आले आणि त्या खटपटीतून श्रुती दाखवणारी हार्मोनियम तयार झाली. 1916 साली बडोद्याच्या संगीत परिषदेत ती मांडली गेली तेव्हा जाणत्यांनी तिला मान्यता दिली नाही. 1940 मध्ये रेडिओने पेटीच बंद केली आणि ती बंदी सैल व्हायला 1971 उजाडलं. इकडे नाटकात, भजनात, मैफलीत पेटी वाजतच होती, तो भाग वेगळा. अलीकडे डॉ. विद्याधर ओकांनी बावीस श्रुतींची पेटी बनवून तो जुना वाद पुन्हा हाताळला.

एवढ्या शंभर वर्षांत एक प्रश्न कुणाला विचारावाच लागला नाही. सूर कोणता लागेल यावर रान उठलं, पण तो केव्हा लागेल याची चिंता नव्हती. पट्टी दाबली की आतली रीड थरथरते. मध्ये कुणी हिशेब करत बसत नाही. काळ वाजवणाऱ्याच्या बोटातच राहिला होता.

तो तिथून आता निघाला आहे, आणि त्याबद्दल आपण काहीच बोललेलो नाही. चिपळूण-गुहागर पट्ट्यात गणपतीच्या दिवसांत जाखडी नाचाची बारी बघा. मृदंग-ढोलकीशेजारी कीबोर्ड असतो, ऑक्टापॅड असतो. पॅडवर काठी पडते आणि आवाज निघतो, पण त्या दोन घटनांच्या मध्ये आता एक प्रोग्रॅम चाललेला असतो. कुठला नमुना वाजवायचा, किती जोरात, आधीचा आवाज तोडायचा की विरू द्यायचा, सगळं तो ठरवतो. वाद्य म्हणजे लाकूड, कातडं आणि पितळ ही व्याख्या या गावांतही जुनी झाली. वाद्य आता अंशतः मजकूर आहे, स्क्रिप्ट आहे. ती स्क्रिप्ट ज्याच्यावर चालते ते यंत्र कसं असावं, हा या लेखाचा विषय. तंत्रज्ञांच्या भाषेत त्याला व्हर्च्युअल मशीन म्हणतात: सॉफ्टवेअरने सॉफ्टवेअरसाठी उभा केलेला प्रोसेसर, ज्याच्या आज्ञा आपण ठरवायच्या आणि जो कुठल्याही खऱ्या प्रोसेसरवर सारखाच वागेल.

अलोऱ्यात बसून हे लिहिणं काहींना चमत्कारिक वाटेल. पण ठरल्या क्षणी काम झालंच पाहिजे, ही शिस्त या भागाला साठ वर्षांहून जुनी आहे. अलोरे ही कोयना प्रकल्पाची वसाहत. शेजारच्या पोफळीला डोंगराच्या पोटात पेल्टन जातीची टर्बाइनं आहेत, आणि तिथून सुटलेलं पाणी कोळकेवाडी धरणात अडवून त्याच्यावर पुन्हा वीज काढली जाते. ग्रिडची वारंवारता 50 हर्ट्झवर धरून ठेवायची तर मागणी कमी-जास्त झाली की टर्बाइनला लगेच दाद द्यावी लागते. पण एवढ्या उंचीवरून येणाऱ्या पाण्याचा नोझल एकदम बंद केला तर नळात दाबाचा तडाखा बसतो. म्हणून पेल्टनला दोन हात दिलेले असतात. डिफ्लेक्टर नावाचं पातं क्षणात पुढे येऊन पाण्याची धार चाकाच्या वाट्यांवरून बाजूला वळवतं, आणि नोझलमधली सुई मागून सावकाश बंद होते. घाईचं काम एकाकडे, जड काम दुसऱ्याकडे, आणि जड कामाने घाईच्या कामाला कधी खोळंबून ठेवायचं नाही. संगीतासाठी व्हर्च्युअल मशीन बनवणाऱ्याला हे एकच तत्त्व पुरतं. बाकीचा तपशील त्यातूनच निघतो.



संगणकाला आवाज काढता येऊ लागला तेव्हा वेळेचा प्रश्नच नव्हता. 1957 मध्ये मॅक्स मॅथ्यूज यांनी बेल प्रयोगशाळेसाठी लिहिलेल्या प्रोग्रॅममधून जी पहिली रचना निघाली ती 17 सेकंदांची होती, आणि आयबीएम 704 ला तिचा हिशेब करायला त्याहून कितीतरी जास्त वेळ लागत असे. आधी हिशेब, मग टेप, मग ऐकणं, असा क्रम होता. त्यात संगणक हा वाद्य नव्हता, मुद्रक होता. एमआयटीत बॅरी व्हर्को यांनी 1986 मध्ये केलेली सीसाउंड ही भाषा याच घराण्यातली. हिशेब आणि ऐकणं एकाच वेळी व्हावं ही धडपड पॅरिसच्या इर्कॅम संस्थेत 1980 च्या दशकात झाली. मिलर पकेट यांनी तिथे लिहिलेल्या प्रणालीला मॅथ्यूज यांचंच नाव मिळालं: मॅक्स. त्याच दशकात, 1983 मध्ये, मिडी आली आणि वेगवेगळ्या कंपन्यांची वाद्यं एकमेकांशी बोलू लागली. तिथून पुढे वाद्याच्या आत स्क्रिप्ट येणार हे ठरल्यासारखंच होतं.

व्हर्च्युअल मशीनची कल्पना संगीताबाहेरून आली. 1970 च्या दशकात पास्कल भाषा निरनिराळ्या यंत्रांवर चालावी म्हणून पी-कोड निघाला, 1995 मध्ये जावाने तीच युक्ती जगभर नेली. ही यंत्रं सरासरीसाठी बनवलेली होती. बँकेचा व्यवहार एरवी 20 मिलिसेकंदांत आणि क्वचित 300 मिलिसेकंदांत झाला तर कुणाचं बिघडत नाही. म्हणून जावासारख्या यंत्रांत एक सोय असते: प्रोग्रॅमने मेमरी हवी तेवढी मागावी, आणि वापरून टाकलेली मेमरी यंत्राने अधूनमधून थांबून झाडून काढावी. ही सोय लिस्पच्या काळापासूनची, साठच्या दशकाच्या उंबरठ्यावरची, आणि प्रोग्रॅमरसाठी फार सुखाची. पण झाडू कधी निघेल ते आधी सांगता येत नाही.

आता वाद्याचा हिशेब मांडू. आवाजाचे सेकंदाला 44,100 नमुने लागतात. ते 128-128 च्या गठ्ठ्यांनी साउंड कार्डकडे द्यायचे, म्हणजे एक गठ्ठा तयार करायला 3 मिलिसेकंदांहून जरा कमी वेळ मिळतो. सेकंदाला 344 गठ्ठे, तासाभराच्या बारीत 12 लाखांहून जास्त. दहा हजारांत फक्त एकदा उशीर झाला तर परीक्षेत त्याला 99.99 टक्के मिळतील. स्टेजवर मात्र तासात सव्वाशे वेळा 'खट्' ऐकू येईल. सरासरी वेग इथे कुणी विचारत नाही. सर्वांत वाईट गठ्ठ्याला किती वेळ लागला, तेवढंच मोजायचं.

गठ्ठे मोठे केले तर चुका कमी होतात, पण मग काठी पडणं आणि आवाज येणं यांत अंतर पडतं. हवेत आवाज मिलिसेकंदाला साधारण 34 सेंटीमीटर जातो, तेव्हा 10 मिलिसेकंदांचा उशीर म्हणजे ढोलकी जवळजवळ साडेतीन मीटर लांब सरकली असं समजावं. नाचणाऱ्यांच्या वर्तुळात तेवढं अंतर चालून जातं. पण वाजवणाऱ्याची स्वतःची ढोलकी साडेतीन मीटरवर गेली तर त्याचा हात बिचकतो. द्रुत लयीत मिनिटाला 240 मात्रा आणि मात्रेत चार बोल धरले तर दर 62 मिलिसेकंदांनी एक बोल पडतो. त्यात 10 मिलिसेकंदांचा उशीर एकवेळ सवयीने पचेल. तो कधी 4, कधी 15 असा हेलकावला तर बोलच फुटके वाटतात.

म्हणून इथलं यंत्र मुद्दाम गरीब ठेवावं लागतं, आणि ही गरिबी कशी असावी याचे चांगले नमुने आहेत. नेटिव्ह इन्स्ट्रुमेंट्स या जर्मन कंपनीच्या कॉन्टॅक्ट या वाद्यसंचात 2005 पासून स्क्रिप्टची भाषा आहे. सिनेसंगीतात ऐकू येणाऱ्या कितीतरी 'वाद्यां'च्या आत ती चालते. संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्याला ती भाषा मागास वाटेल. सगळी मांडणी सुरुवातीलाच जाहीर करायची, वाजवताना नवी मेमरी मागता येत नाही, यादीची लांबी आधीच ठरलेली. पण त्यामुळेच वादनाच्या मधोमध झाडू काढायची वेळ येत नाही. जेम्स मॅकार्टनी यांच्या सुपरकोलायडरने 2002 च्या सुमारास दुसरा मार्ग घेतला: भाषा एका प्रोग्रॅममध्ये, आवाज करणारं यंत्र दुसऱ्यात, आणि दोघांत फक्त निरोप. पोफळीची सुई आणि पातं इथेही आहेतच. प्रिन्स्टनच्या गे वांग आणि पेरी कुक यांनी 2003 मध्ये मांडलेल्या चक या भाषेत तर काळ हाच भाषेचा मुख्य घटक आहे. प्रोग्रॅमने स्वतः सांगितल्याशिवाय तिथे काळ पुढे सरकतच नाही, आणि एकाच वेळी चालणाऱ्या अनेक स्क्रिप्ट एकेका नमुन्यापर्यंत अचूक जुळतात. त्याच पेरी कुक यांच्याबरोबर अजय कपूर यांनी 2002 च्या आसपास इलेक्ट्रॉनिक तबला बनवला होता, ही गोष्ट आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही.

गरिबीचे आणखी दोन नियम आहेत, आणि दोन्ही ठेच लागल्याशिवाय पटत नाहीत. पहिला: घाईच्या कामाने कुणाच्याही कुलपासमोर, म्हणजे दुसरं काम सामायिक मेमरी सोडेपर्यंत, उभं राहायचं नाही. 1997 मध्ये मंगळावर उतरलेलं पाथफाइंडर यान पुन्हापुन्हा स्वतःला रीसेट करू लागलं. हवामान टिपणाऱ्या कमी महत्त्वाच्या कामाने एक कुलूप धरून ठेवलं होतं आणि त्याहून कितीतरी महत्त्वाचं काम त्याच्यासाठी खोळंबत होतं. नवी स्क्रिप्ट वाजत्या वाद्यात भरताना नेमकं हेच घडू शकतं. नवी स्क्रिप्ट बाजूला पूर्ण तयार करून ठेवायची आणि दोन गठ्ठ्यांच्या मधल्या फटीत एका खुणेने बदलायची, हा त्यावरचा उपाय. दुसरा नियम जास्त विचित्र आहे. तानपुऱ्याची तार विरत जाते तेव्हा तिच्या नमुन्यांचे आकडे शून्याजवळ जातात, आणि इतक्या इवल्या आकड्यांशी गणित करताना कित्येक प्रोसेसर एकदम मंदावतात. म्हणजे आवाज जवळजवळ संपलेला, आणि यंत्राला घाम फुटलेला. म्हणून अशा आकड्यांना ठरावीक हद्दीखाली सरळ शून्य समजायचं, हे यंत्राच्या पायातच घालून ठेवावं लागतं.

इथवरची गोष्ट जगाची. तिच्यात आपला धागा आहे, आणि तो पुण्यातून जातो. फ्रेंच संशोधक बर्नार्ड बेल आणि ब्रिटिश संगीतशास्त्रज्ञ जिम किपन यांनी 1980 च्या दशकाच्या आरंभी बोल प्रोसेसर नावाचा प्रोग्रॅम केला. किपन लखनौच्या उस्ताद आफाक हुसेन खाँकडे तबला शिकत होते. कायदा या तबल्यातल्या रचनाप्रकाराचा विस्तार कोणत्या नियमांनी होतो, ते नियम व्याकरणासारखे लिहून ॲपल संगणकात घालायचे, यंत्राने त्यातून नवे पलटे काढायचे, आणि ते बरोबर की चूक हे जाणकाराने सांगायचं, अशी रीत होती. यंत्र सुरुवातीला आवाज काढत नव्हतं, फक्त बोल लिहीत होतं. नियम चुकला की जाणकाराची मान हलायची आणि व्याकरण दुरुस्त व्हायचं. पुढची आवृत्ती मॅकिंटॉशवर आली आणि मिडीतून वाजू लागली. हेच बेल 1990 च्या दशकात पुण्याच्या सेंटर फॉर कोऑपरेटिव्ह रिसर्च इन सोशल सायन्सेसमध्ये गी पॉइतवाँ आणि हेमा राइरकर यांच्या जात्यावरच्या ओव्यांच्या कामात सामील झाले. लाखाहून अधिक ओव्यांचा तो साठा आज पारीच्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया) संग्रहात आहे. त्याच काळात पुणे विद्यापीठात प्रा. हरी सहस्रबुद्धे संगणकाकडून रागाची बढत करवून बघत होते. पुढे आयआयटी मुंबईत प्रीती राव यांच्या गटाने रागसंगीताच्या आणि तबल्याच्या ध्वनिमुद्रणांवर बरंच काम केलं.

हे सगळं अभ्यासाचं काम राहिलं. बाजारात दुसरंच घडलं. बंगळुरूच्या राडेलने इलेक्ट्रॉनिक तानपुरा आणि तालमाला घरोघर नेली, मोबाइलवर प्रसाद उपासनी यांच्या आयतबलाप्रोसारखी ॲप आली. या साधनांनी खेड्यातल्या विद्यार्थ्याला रियाजाला साथ दिली, त्यांचे उपकार मोठे आहेत. जपानी कंपन्यांनी भारतासाठीच्या कीबोर्डांत दादरा-केरव्याचे नमुने घातले. पण नमुना म्हणजे ठरावीक आवर्तनाची पट्टी. ती फिरत राहते. जाखडीत लय चढत जाते, शाहीर समोरच्या फडाला उत्तर देताना एखादी ओळ ओढतो, आणि मृदंगवाला त्याच्या तोंडाकडे बघून ठेका धरून ठेवतो. पट्टीला तोंडाकडे बघता येत नाही. म्हणून आज घडतं ते उलटं: शाहीर पट्टीकडे बघतो. याला मी नुकसान म्हणतो. जुनं ते सोनं, अशा भावनेने नाही. फडाचं नेतृत्व माणसाकडून नमुन्याकडे गेलं, आणि ते कुणी ठरवून दिलेलं नाही, म्हणून.

परदेशी साधनांत आपली लय बसत नाही याचं कारण कधीकधी अगदी अंकगणिती असतं. मिडीचं घड्याळ एका मात्रेचे 24 भाग करतं. 24 ला 2, 3, 4, 6, 8 ने भाग जातो, 5 ने आणि 7 ने जात नाही. पुढे संगणकावरच्या सिक्वेन्सरांनी 480 किंवा 960 भाग केले. पाचाची सोय झाली, साताची झाली नाही. म्हणजे आड लयीचा दीडपटीचा हिशेब बसतो, कुआडचा सव्वापटीचाही बसतो, आणि बिआड, म्हणजे चार मात्रांत सात बोल, दर वेळी किंचित ढकलून घ्यावी लागते. दशांशात लिहिलं तर ही चूक प्रत्येक आवर्तनात साठत जाते. वास्तविक उपाय आपल्या लयकारीच्या शिकवणीत आधीपासून आहे: मात्रा अपूर्णांकातच ठेवायच्या, चार-सप्तमांश म्हणजे चार-सप्तमांशच, आणि नमुन्यांत रूपांतर अगदी शेवटच्या क्षणी करायचं. बोल प्रोसेसरने अपूर्णांकांचाच मार्ग धरला होता. अशा यंत्रात दोन घड्याळं हवीत, एक मात्रेचं, एक नमुन्यांचं, आणि त्यांच्यातला दर वाजवणाऱ्याच्या हातून सतत बदलता आला पाहिजे.

तिहाई इथे खरी कसोटी घेते. एकच तुकडा तीनदा, मध्ये दोनदा विसावा, आणि शेवटचा बोल समेवर. तुकड्याची तिप्पट अधिक विसाव्याची दुप्पट, एवढ्यात उरलेल्या मात्रा संपल्या पाहिजेत. शाळकरी बेरीज आहे. पण ती करायची तर सम किती मात्रांवर आहे ते माहीत हवं, आणि लय बदलती असेल तर मिलिसेकंदांत ते सांगताच येत नाही. मात्रेत सांगता येतं. स्क्रिप्टने 'समेपासून साडेअकरा मात्रा आधी' असं लिहावं आणि यंत्राने ती जागा येईल तेव्हा वाजवावं. मृदंगवाला असंच करतो. त्याने समेची वेळ कुठे लिहून ठेवलेली नसते.

असं यंत्र बनवायला मोठी प्रयोगशाळा लागत नाही. पन्नास-साठ आज्ञांचा बाइटकोड (या यंत्राची आज्ञाभाषा), आधीच मोजून ठेवलेली मेमरी, प्रत्येक गठ्ठ्यात स्क्रिप्टला किती आज्ञा चालवू द्यायच्या याचा शिधा, आणि तो संपला की स्क्रिप्ट जागच्या जागी थांबवून पुढच्या गठ्ठ्यात सुरू करण्याची सोय. साध्या मोबाइलला एवढं झेपतं. रत्नागिरीच्या फिनोलेक्स अभियांत्रिकी महाविद्यालयात, खेडजवळ लवेलच्या घरडा संस्थेत दरवर्षी मुलं शेवटच्या वर्षाचे प्रकल्प करतात, आणि त्यांतले पुष्कळसे हजेरीचे आणि उपाहारगृहाच्या बिलाचे असतात. त्यांतल्या एखाद्या गटाने एक सत्र मृदंगवाल्यासमोर बसून काढावं, आणि किपन बघत तशी त्याची मान हलण्याची वाट बघावी. काम खुलं ठेवावं, म्हणजे पुढच्या वर्षीच्या मुलांना शून्यापासून सुरुवात करावी लागणार नाही.

यातला सगळ्यात अवघड भाग तांत्रिक नाही. एखाद्या वादकाचा हात नियमांत उतरला की ती स्क्रिप्ट कुणाची? कीबोर्डातल्या 'इंडियन' नमुन्यांमागे कुणाचा हात होता ते खोक्यावर छापलेलं नसतं. ओव्यांच्या संग्रहाने याबाबत घालून दिलेली रीत समोर आहे: तिथे ओवीबरोबर गाणाऱ्या बाईचं नाव आहे आणि गावही आहे. स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत वादकाचं नाव, गाव आणि फड लिहिल्याशिवाय यंत्राने ती चालवूच नये, असा नियम बाइटकोडमध्येच घालता येतो. त्याला चार आज्ञा खर्च होतील.